उंबरठा ओलांडून आलेली एलायझा

८ मार्च १८६४. खानदेशातल्या पारोळ्यात एका घरी मुलगा जन्मला. पारोळं म्हणजे झाशीच्या नेवाळकरांची जुनी जहागीर. गावात भुईकोट किल्ला आणि कापूस, गुरं, लुगडी यांची चांगली पेठ. त्या वर्षी खानदेशात कपाशीला जो भाव होता, तो कोणाच्या आजोबा-पणजोबांनीही ऐकला नव्हता. मुलाचं नाव हरी ठेवलं. पुढे मराठी कादंबरीला खऱ्या अर्थानं उभं करणारे हरी नारायण आपटे ते हेच.

कापसाचा तो भाव आणि ते बाळ यांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण भावाचा धागा धरून मागे मागे गेलं, की आपण समुद्रापार अमेरिकेतल्या एका घरात पोचतो. तिथे मुलांच्या गलक्यात, घरकाम सांभाळत, एक बाई साप्ताहिकासाठी गोष्टीचं पुढचं प्रकरण लिहीत बसलेली दिसते. आणि बाळाचा धागा धरून पुढे गेलं, तर पुण्यातल्या एका साप्ताहिकापाशी आपण पोचतो. तिथेही एक गोष्ट क्रमशः छापली जाते आहे, आणि तीही वाचणाऱ्यांच्या घरात शिरून त्यांना झोपू देत नाही. हे दोन धागे ज्या गावात एकमेकांना स्पर्शून जातात ते माझ्या खानदेशातलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या बाईंचं नाव हॅरिएट बीचर स्टो. जन्म १८११ चा, कनेक्टिकटमधल्या लिचफील्डचा. वडील धर्मोपदेशक, नवरा धर्मशास्त्राचा प्राध्यापक. आयुष्याची अठरा वर्षं त्यांनी सिनसिनाटी शहरात काढली. शहराला लागून ओहायो नदी. अलीकडच्या काठावर गुलामगिरीला कायद्यानं बंदी, पलीकडे केंटकीत माणसांची खरेदी-विक्री राजरोस. मधलं अंतर एका नदीच्या पात्राएवढं. पळून आलेली माणसं याच पात्रातून अलीकडे येत, आणि त्यांच्या हकीकती हॅरिएटबाईंच्या कानावर पडत. १८४९ साली कॉलऱ्याच्या साथीत त्यांचं धाकटं बाळ गेलं. गुलामांच्या बाजारात मूल ओढून नेलं जातं तेव्हा आईचं काय होत असेल ते आपल्याला या दुःखात कळलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं.

वर्षभरानं, १८५० साली, पळून आलेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा आला. त्यानं उत्तरेच्या माणसाची एक सोय काढून घेतली. तोवर त्याला म्हणता येत होतं, की गुलामगिरी वाईट खरी, पण ती तिकडे, दक्षिणेत. आमचा त्यात हात नाही. आता मदत मागणाऱ्या माणसाला आसरा दिला तरी दंड आणि तुरुंग, आणि मालकाची माणसं शोधत आली तर त्यांना साथ देणं सक्तीचं. पाप शेजाऱ्याच्या घरातून उठून आपल्या ओट्यावर येऊन बसलं.

गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे लोक याआधीही होते. थिओडोर वेल्ड यांनी १८३९ साली दक्षिणेतल्याच वर्तमानपत्रांतून कात्रणं गोळा करून एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. पळालेल्या गुलामाला ओळखायचं कसं हे मालक जाहिरातीतच छापत असत: अंगावर कुठे डाग दिला आहे, पाठीवर कुठे वळ आहेत. मालकाच्या शब्दांतच मालकाचा गुन्हा! फ्रेडरिक डग्लस या स्वतः गुलामीतून निसटलेल्या माणसाचं आत्मकथन १८४५ साली आलं होतं. पुरावा भरपूर होता. तो वाचून लोक चुकचुकत आणि पुस्तक मिटत.

स्टोबाईंनी काय वेगळं केलं ते मला त्यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीतल्या एका प्रसंगात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. ओहायोच्या कायदेमंडळातला एक सिनेटर, बर्ड त्याचं नाव, दमून घरी आला आहे. पायांत सपाता, समोर चहा. नुकतंच त्यानं पळालेल्या गुलामांना मदत करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं आहे. एरवी राजकारणात न पडणारी त्याची बायको मेरी आज मात्र त्याला धारेवर धरते: दारी आलेल्या भुकेल्याला, गारठलेल्याला तुम्ही हाकलून द्याल? तो सार्वजनिक हिताच्या, कर्तव्याच्या चार गोष्टी सांगतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक येते. तिथे एक तरुण बाई बेशुद्ध पडली आहे. कपडे फाटलेले, पायांतून रक्त. ही एलायझा. तिच्या लहानग्याला मालकानं विकलं, हे कळताच ती त्याला घेऊन पळाली आणि फुटत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत ओहायो नदी ओलांडून आली. शुद्धीवर आल्यावर ती मेरीला एकच विचारते: तुमचं कधी मूल गेलं आहे का?

त्या घरातून महिन्यापूर्वीच एक लहान मूल गेलेलं आहे. सिनेटर पाठ फिरवून खिडकीकडे जातो. आणि नंतर, कायद्याच्या बाजूनं मत देऊन आलेला तोच माणूस बायकोला दबक्या आवाजात सुचवतो, की आपल्या बाळाच्या कपड्यांनी भरलेला तो खण आहे ना... मेरी तो खण उघडते. रात्री, चिखलातून, सिनेटर स्वतः गाडी जुंपून माय-लेकाला सुरक्षित जागी पोचवतो.

इथे वादविवाद जिंकण्याचा प्रयत्नच नाही. सिनेटरचे मुद्दे खोडलेले नाहीत. ज्याच्याविषयी कायदा केला ते माणूस त्याच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं, एवढंच. कागदावर ‘पळालेला गुलाम’ हे दोन शब्द होते. आता समोर गारठलेलं पोर होतं, त्याच्या अंगाला घरातल्या गेलेल्या पोराचे कपडे बसत होते. वाचणाऱ्या प्रत्येक घरात त्या काळी असा एखादा खण होता. अर्भकमृत्यू घरोघरीच होते.

ही गोष्ट ५ जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात येऊ लागली आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलला संपली. आठवड्याला एक प्रकरण. घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग आठवडाभर वाट पाहायची, की टॉमकाकाला विकून कुठे नेलं, एलायझाचं काय झालं. मत बनायला वेळ लागतो, आणि क्रमशः छापणं तो वेळ देतं. मार्च १८५२ मध्ये बॉस्टनच्या जॉन जुएट यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ पुस्तकरूपानं काढलं. पहिल्या वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या, ब्रिटनमध्ये तर दहा लाखांच्या वर. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी अमेरिकेतल्या भगिनींना गुलामगिरीविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं, आणि सह्यांचे ते सव्वीस खंड स्टोबाईंच्या हाती दिले गेले.

दक्षिणेनं कादंबरीला कादंबऱ्यांनीच उत्तर दिलं. गुलाम किती सुखात आहेत, मालकिणी किती मायाळू आहेत, हे सांगणारी डझनावारी पुस्तकं निघाली. ज्यांनी गोष्टीला उत्तर द्यायला गोष्टी रचल्या, त्यांना तिची ताकद बरोबर कळली होती. मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन नावाचे एक स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते. १८५७ साली त्यांच्या घरी या कादंबरीची प्रत सापडली. तेवढ्यासाठी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १८६२ मध्ये सुटका झाली तीही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर. एक पुस्तक घरात ठेवण्याची किंमत दहा वर्षं! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी स्टोबाईंना भेटून, एवढं मोठं युद्ध पेटवणारी छोटी बाई ती हीच का, असं विचारल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात. ती छापली गेली दोघेही हयात नसताना, कितीतरी वर्षांनी, तेव्हा तिच्यावर भार टाकू नये. युद्ध एका पुस्तकानं होत नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरी न्यायची की नाही यावरून कॅन्ससमध्ये रक्त सांडलं होतं, कृष्णवर्णीय माणूस नागरिकच नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १८५७ साली दिला होता, १८५९ मध्ये जॉन ब्राउननं गुलामगिरीविरुद्ध बंड केलं होतं. पण १८६० साली लिंकन निवडून आले ते उत्तरेच्या मतांवर, आणि त्या मतदारांच्या घराघरांत आठ-नऊ वर्षं एलायझा येऊन बसलेली होती. एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

एप्रिल १८६१. युद्ध सुरू झालं आणि लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा पाऊण हिस्सा कापूस याच बंदरांतून येत असे, गुलामांनी वेचलेला. लँकेशायरमधल्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. १८६० साली लिव्हरपूलच्या बाजारात पौंडाला सहा-सात पेन्स असलेला अमेरिकन कापूस १८६४ साली सत्तावीस पेन्सांच्या आसपास गेला. व्यापाऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले.

आणि मग आमच्या गावांची नावं तारेवर जाऊ लागली. तापी-गिरणेच्या काळ्या मातीतली कपाशी पूर्वीही मुंबईला जायची, पण आता तिची झुंबड उडाली. आग्रा रस्त्यावर धुळ्याहून नाशिककडे गाड्यांच्या रांगा. घाटावर रूळ पडत होते, खानदेशात आगगाडी पोचत होती, पण थळ घाटातलं काम पुरं व्हायला १८६५ साल उजाडलं. तोवर कसाऱ्याचा उतार बैलांच्या जिवावरच. जळगाव तोवर एक साधं गाव होतं. या चार वर्षांत ते कापसाची मोठी पेठ झालं. आज आपण ज्याला जळगाव शहर म्हणतो त्याच्या पायात ही चार वर्षं आहेत. पैसा इतका आला, की पश्चिम हिंदुस्थानात कुठे कुठे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. पैशाबरोबर लबाडीही आली. गासड्यांत सरकी, पाणी, माती घालण्याचा प्रकार एवढा वाढला, की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

आमची कपाशी आखूड धाग्याची. लिव्हरपूलला पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. लँकेशायरच्या यंत्रांना अमेरिकन लांब धाग्याची सवय. सुरत चढवला की सूत तुटायचं, गाठी मारता मारता विणकराचे हात दुखायचे, कापड कमी निघायचं आणि मजुरी नगावर असल्यानं पोटाला चिमटा बसायचा. असे अर्धपोटी कामगार ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले. नाकेबंदी मोडायला आपल्या सरकारनं दक्षिणेला मदत करावी, म्हणजे कापूस सुरू होईल, असं म्हणणारे पुष्कळ होते. जमलेल्या कामगारांनी उलट ठराव केला. त्यांनी लिंकन यांना पत्र लिहून गुलामांच्या मुक्तीला पाठिंबा दिला. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला, आणि १९ जानेवारीला लिंकन यांनी मँचेस्टरच्या कामगारांना आभाराचं उत्तर पाठवलं.

या कामगारांच्या घरात ती कादंबरी पोचलेली होती, तिची नाटकं त्यांच्या गल्लीतल्या रंगमंचांवर झाली होती. आणि त्यांच्या बोटांत तुटणाऱ्या सुतात आमच्या खानदेशची कपाशीही होती. दोन अनोळखी लोक एकाच धाग्याची दोन टोकं धरून उभे होते: एकाला त्या धाग्यानं चांदी दिली, दुसऱ्यानं त्याच धाग्याशी झगडत न्यायाची बाजू सोडली नाही. खानदेशच्या शेतकऱ्याला याची गंधवार्ता नसणार. त्याला भाव कळत होता, भावामागचं कारण कळायला वाव नव्हता.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला आणि भाव कोसळला. मुंबईत शेअरांचा फुगा जुलैत फुटला, भलेभले सावकार बसले. शेतकऱ्यानं चढत्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. पुढे दहा वर्षांनी पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या वह्यांत या उताराच्या वर्षांचाही हिशेब होता.

अमेरिकेतल्या त्या घडामोडीतून दुसरी एक गोष्ट मात्र पुण्यात एका माणसानं नेमकी उचलली. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ काढलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जनांना. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याबद्दलच्या आदरापोटी. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यात आहे. मला विलक्षण वाटते ती पुस्तकाची घडण. प्रबंध लिहायचा सोडून फुल्यांनी जोतीराव आणि धोंडीबा असे दोघे समोरासमोर बसवले. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं, अशीच ती रचना आहे. कुणाच्या घरात शिरायचं, हे फुल्यांना ठाऊक होतं.

आता पारोळ्याच्या त्या बाळाकडे येऊ. हरिभाऊ लहानपणीच खानदेश सोडून मुंबईला आणि मग पुण्याला गेले. त्यांच्या आधी मराठीत गोष्टीतून समाजाला प्रश्न विचारण्याचा प्रयत्न झालेला होता. बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, म्हणजे टॉमकाकानंतर अवघ्या पाच वर्षांनी. त्यात यमुना गावोगाव फिरते आणि ठिकठिकाणी विधवांची दुर्दशा पाहते. पण ती पाहणारी आहे. वाचणारा तिच्यामागे चालतो आणि हळहळतो. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून क्रमशः ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली. या कादंबरीचीही नायिका यमुनाच, घरच्यांची यमू. फरक हा, की इथे यमू स्वतः बोलते. बालपण, भावंडं, सासर, लिहावाचायला शिकवणारा प्रेमळ नवरा, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस. आणि मग नवऱ्याचा मृत्यू, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांनी जबरदस्तीनं केलेलं केशवपन.

त्या काळी पुण्यामुंबईत बायकांच्या अशा प्रश्नांवर रान पेटलं होतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं वय दहावरून बारा केलं, तर सभा उधळल्या गेल्या. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला होता. शास्त्रार्थ दोन्ही बाजूंनी भरपूर चालू होता. यमू शास्त्रार्थ करत नाही. ती सांगते, घरातल्या भाषेत, ओसरीवरच्या, माजघरातल्या शब्दांत, आणि शेकडो पानं तिच्याबरोबर राहिल्यावर जेव्हा न्हाव्याला बोलावणं जातं, तेव्हा वाचणाऱ्याला कळतं की हे आपल्याच माजघरात घडतं आहे. बर्ड सिनेटरच्या स्वयंपाकघरात एलायझाला बाहेरून यावं लागलं होतं. यमूला बाहेरून यावं लागलंच नाही. ती वाचकाच्या घरातच होती, आतल्या खोलीत, आलवणात.

हरिभाऊंना स्टोबाई माहीत होत्या की नव्हत्या, याच्याशी मला फारसं कर्तव्य नाही. साप्ताहिक, क्रमशः गोष्ट, घरात मोठ्यानं होणारं वाचन आणि मेलेल्या माणसाच्या आठवणीवर बोट ठेवणारी एक बाई: इतकं सारखं साहित्य हाताशी असलं, की दोन ठिकाणी सारखाच पदार्थ तयार होतो.

पण दोन्हीकडे एक सल आहे, आणि तो लपवणं बरं नाही. टॉमकाका गोऱ्या बाईनं लिहिला. तो सोसतो, क्षमा करतो, मरतो. सुटलेल्या माणसांना लेखिका शेवटी आफ्रिकेला लायबेरियात पाठवून देते. कृष्णवर्णीय वाचकांतल्या कित्येकांना हे तेव्हाही खुपलं, आणि पुढे ‘अंकल टॉम’ ही त्यांच्यात शिवीच झाली. यमूचा आवाजही शेवटी एका पुरुषाच्या लेखणीतून आलेला आहे, आणि तिचं घर ब्राह्मणाचं आहे. पारोळ्याच्या शिवारात कपाशी वेचणाऱ्या बाईचं नाही.

हॅरिएट जेकब्स नावाची एक स्त्री नॉर्थ कॅरोलायनात मालकाच्या छळापासून वाचण्यासाठी आजीच्या घरातल्या पोटमाळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. नीट उभंही राहता येणार नाही एवढी ती जागा. खालच्या अंगणात आपली मुलं खेळताना तिला भोकातून दिसत, हाक मात्र मारता येत नसे. सुटल्यावर आपली हकीकत स्टोबाईंच्या लेखणीतून यावी म्हणून तिच्या वतीनं विचारणा झाली. स्टोबाईंना ती आपल्याच पुस्तकात पुराव्यासारखी वापरायची होती. जेकब्सनं मग रात्री जागून, दुसऱ्याच्या घरची मुलं सांभाळता सांभाळता, स्वतःच लिहिलं. १८६१ साली टोपणनावानं ते पुस्तक आलं, युद्धाच्या धुरळ्यात दिसेनासं झालं, आणि पुढे शंभरावर वर्षं जाणकार मंडळी ते कुणा गोऱ्या बाईनं रचलेली कादंबरी समजत राहिली. जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि कागद शोधून, १९८७ च्या आवृत्तीत, ते शब्द जेकब्सचेच असल्याचं सिद्ध केलं.

आणि आमच्या खानदेशाच्या सीमेला लागून, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे नावाची एक बाई होती. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर शिंतोडे उडाले, तेव्हा ताराबाईंनी पेटून लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, यमूच्या आठ वर्षं आधी. त्यात कल्पित नायिका नाही. एक बाई स्वतःच्या नावानं पुरुषांना समोर बसवून जाब विचारते. फुल्यांनी तिची बाजू घेतली. मग पुस्तक इतकं हरवलं, की ते पुन्हा वाचकांच्या हाती यायला १९७५ साल उजाडावं लागलं. स. गं. मालशे यांनी ते नव्यानं छापलं, तेव्हा बुलढाण्याच्या त्या बाईचा आवाज त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा माजघरात आला.